त्रयीचा मधला भाग : ‘द डार्क फॉरेस्ट’ वाचताना



ज्या ग्रंथपालांच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो, त्यांनी आयुष्यभर वाचकाची आणि पुस्तकाची गाठ घालून दिली. त्यामुळे त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून एका पुस्तकाविषयी बोलावं, असं मी ठरवलं. हे पुस्तक एका विज्ञानकथा-त्रयीचा दुसरा भाग आहे. त्रयीतल्या पहिल्या पुस्तकाची परीक्षणं होतात, तिसऱ्याच्या शेवटावर वाद होतात. दुसरा भाग बहुतेक वेळा पहिल्याकडून तिसऱ्याकडे जायचं म्हणून उरकला जातो. माझं मत याच्या नेमकं उलट आहे. लेखकाचा कस लागतो तो दुसऱ्या भागात, आणि वाचकाचाही. चिनी लेखक ल्यू त्सिशिन यांच्या त्रयीतलं ‘द डार्क फॉरेस्ट’ हे दुसरं पुस्तक मला त्याचं सर्वांत ठळक उदाहरण वाटतं. ते नीट उलगडायचं तर कथानक सांगावं लागेल आणि शेवटही सांगावा लागेल. त्याने पुस्तकाची गोडी कमी होणार नाही, इतकं ते सकस आहे.

ल्यू त्सिशिन यांचा जन्म १९६३ सालचा. ते शान्शी प्रांतात वाढले, इंजिनिअर झाले आणि तिथल्याच न्यांगत्सिग्वान औष्णिक वीजकेंद्रात नोकरी करत त्यांनी लेखन केलं. त्रयीचा पहिला भाग, ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’, २००६ मध्ये ‘सायन्स फिक्शन वर्ल्ड’ या चेंगदूहून निघणाऱ्या मासिकात क्रमशः आला. २००८ मध्ये तो पुस्तकरूपात निघाला आणि त्याच वर्षी ‘द डार्क फॉरेस्ट’ही प्रसिद्ध झालं. तिसरा भाग, ‘डेथ्स एंड’, २०१० मध्ये आला. इंग्रजीत पहिला आणि तिसरा भाग केन ल्यू यांनी नेला, दुसरा जोएल मार्टिन्सन यांनी. २०१५ मध्ये पहिल्या भागाला ह्यूगो पुरस्कार मिळाला. अनुवादित कादंबरीला हा पुरस्कार मिळण्याची ती पहिलीच वेळ.

या त्रयीत मधल्या जागेला किती महत्त्व आहे, हे पहिल्या पुस्तकाच्या छपाईतही दिसतं. सांस्कृतिक क्रांतीतल्या हिंसेचे प्रसंग पुस्तकाच्या सुरुवातीलाच असावेत, अशी लेखकाची मूळ इच्छा होती. चिनी प्रकाशकांना धास्ती वाटली, म्हणून ते प्रसंग पुस्तकाच्या मध्यात हलवले गेले. इंग्रजी अनुवादात लेखकाच्या संमतीने ते पुन्हा आरंभी आले. वरवर चाळणाऱ्या माणसाची नजर मध्यापर्यंत पोचत नाही, हे त्या प्रकाशकांनी ओळखलं होतं.

पहिल्या भागात काय घडतं, ते थोडक्यात सांगतो. रेड गार्ड्सच्या मारहाणीत आपल्या वडिलांचा मृत्यू पाहिलेली ये वेन्चिए ही खगोलभौतिक शास्त्रज्ञ पुढे एका गुप्त लष्करी तळावर काम करते. परक्या संस्कृतीकडून संदेश येतो : उत्तर देऊ नका, दिलंत तर तुमचा ग्रह सापडेल. माणसांवरचा तिचा विश्वास उडालेला असतो. ती उत्तर देते. तीन सूर्यांच्या कचाट्यात सापडलेल्या त्या ग्रहावरून आक्रमणाचं आरमार निघतं. ते पृथ्वीवर पोचायला चारशेहून अधिक वर्षं लागणार आहेत. खऱ्या खगोलशास्त्राप्रमाणे अल्फा सेंटॉरीचे दोन मोठे तारे सुमारे ८० वर्षांत एकमेकांभोवती शिस्तीत फेरी पुरी करतात आणि तिसरा, प्रॉक्सिमा, त्यांच्यापासून फार दूर आहे. कादंबरीत आहे तसा गोंधळ तिथे नाही. लेखकाने घेतलेलं हे स्वातंत्र्य आहे, आणि त्याचं त्याने सोनं केलं आहे.

संकट कळलं आहे, पण ते यायला चार शतकं आहेत, इथे पहिलं पुस्तक संपतं. तिसऱ्यात विश्वाच्या अंतापर्यंतची झेप आहे. मग दुसऱ्यासाठी उरलं काय? उरला तो मधला काळ. कुणाही सामान्य लेखकाने हा काळ चार पानांत गुंडाळून थेट युद्ध आणलं असतं. ल्यू त्सिशिन यांनी त्या काळालाच विषय केलं. सत्य कळल्यानंतर आणि निकाल लागण्यापूर्वी माणसाने, समाजाने, राष्ट्रांनी कसं जगायचं, हा ‘द डार्क फॉरेस्ट’चा प्रश्न आहे. त्रयीतली पुस्तकाची जागा आणि त्याचा विषय एकच झाले आहेत. असं मी दुसऱ्या कुठल्या त्रयीत इतक्या पूर्णपणे झालेलं पाहिलेलं नाही.

आपल्या परंपरेला मधला काळ परका नाही. द्यूत झालं आहे, युद्ध व्हायचं आहे, आणि मध्ये बारा वर्षांचा वनवास. महाभारतातलं वनपर्व हे सर्वांत मोठ्या पर्वांपैकी एक आहे. नल-दमयंती त्यात आहेत, सावित्री त्यात आहे, यक्षाचे प्रश्न त्याच्या अखेरीला आहेत. लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं इतकं काही त्या थांबलेल्या काळात साठलं आहे. मराठी रंगभूमीवर महेश एलकुंचवारांच्या वाडा-त्रयीतलं ‘मग्न तळ्याकाठी’ ज्यांनी पाहिलं असेल, त्यांनाही मधल्या भागाचं स्वतंत्र वजन वेगळं सांगायला नको.

आता कादंबरीकडे वळू. शत्रूने प्रोटॉनएवढे कण पुढे पाठवले आहेत. त्या कणांत संगणक कोरलेले आहेत. ते पृथ्वीवरच्या कणत्वरकांतले प्रयोग बिघडवतात, त्यामुळे मूलभूत भौतिकशास्त्र जागच्या जागी थिजतं. प्रत्येक संभाषण आणि प्रत्येक कागद शत्रूला वाचता येतो. एकच जागा त्यांच्या आवाक्याबाहेर आहे : माणसाचं मन. ही परकी जमात मनात आलेलं लपवू शकत नाही. त्यांच्यात विचार करणं आणि बोलणं ही एकच क्रिया आहे, त्यामुळे कपट त्यांना कळत नाही. म्हणून संयुक्त राष्ट्रसंघ चार माणसं निवडतो आणि त्यांना अमर्याद साधनं देतो. त्यांनी आपली योजना फक्त डोक्यात ठेवायची, जगाला खोटं सांगायचं आणि कुणालाही खुलासा द्यायचा नाही. भिंतीकडे तोंड करून ध्यानाला बसणाऱ्या भिक्षूंवरून त्यांना ‘वॉलफेसर’ म्हटलं आहे.

चौघांपैकी तिघं नामवंत आहेत : अमेरिकेचा माजी संरक्षणमंत्री टायलर, व्हेनेझुएलाचा अध्यक्ष रे डियाझ आणि इंग्रज मेंदूशास्त्रज्ञ हाइन्स. शत्रूच्या बाजूने फितूर झालेली माणसं या प्रत्येकामागे एकेक मनकवडा लावतात, आणि एकेकाची योजना उघडी पडते. टायलर आत्महत्या करतो. रे डियाझला त्याच्याच देशातले लोक दगडांनी ठेचून मारतात. हाइन्सचं गुपित फोडणारी त्याची स्वतःची बायको निघते. हे तिन्ही प्रसंग लेखकाने फार आवरून लिहिले आहेत. तिन्ही योजनांमध्ये शत्रूपासून वाचण्यासाठी आपल्याच माणसांचा घात करण्याची तयारी लपलेली आहे, हे हळूहळू लक्षात येतं आणि अंगावर काटा येतो.

चौथा लुओ जी. समाजशास्त्राचा चिनी प्राध्यापक, आळशी, छानछोकीचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याला का निवडलं, हे त्यालाच माहीत नाही. कारण एवढंच की शत्रूला तो मरायला हवा आहे. मिळालेला अधिकार तो आधी सुखात राहायला वापरतो. आपल्या कल्पनेतली स्त्री शोधून आणायला तो पोलीस अधिकारी शी चियांगला सांगतो, आणि ती खरोखर सापडते. पुस्तकाचा हा भाग मला मान्य नाही. ज्वांग येन ही बाई आहे की बाहुली, असा प्रश्न पडावा इतकी ती नायकाच्या मनाप्रमाणे कापून काढलेली आहे. तिला स्वतःची इच्छा नाही, राग नाही, मत नाही. ये वेन्चिएसारखी स्त्री ज्या लेखकाने पहिल्या भागात उभी केली, त्याने दुसऱ्यात असं लिहावं याचं वाईट वाटतं. अनेक वाचक याच पानांवर पुस्तक मिटतात. मी त्यांना सांगेन, थोडं पुढे जा.

कारण पुढे मानवजातीचा मधला काळ सुरू होतो, आणि तो विलक्षण आहे. पहिल्या टप्प्यात सगळं जग चारशे वर्षांनी होणाऱ्या युद्धासाठी राबतं. शेती आणि पर्यावरण मागे पडतं, पैसा आणि मनुष्यबळ अवकाशसेनेकडे वळतं. त्यातून दुष्काळ पडतात आणि जगाची लोकसंख्या निम्म्याहून खाली येते. या काळाला कादंबरीत ‘महादरी’ अशा अर्थाचं नाव आहे. शत्रू अजून कित्येक पिढ्या दूर आहे आणि माणसं त्याच्या भीतीपोटीच मरताहेत. मग वाचलेले लोक ठरवतात, पुरे झालं, आज जगायचं. आणि गंमत म्हणजे, माणसाला आधी माणूस म्हणून जगू दिल्याबरोबर शास्त्रंही पुढे सरकतात. जमिनीखाली झाडांसारखी शहरं उभी राहतात, सुमारे दोन हजार युद्धनौकांचं आरमार तयार होतं.

सुमारे दोनशे वर्षांच्या शीतनिद्रेतून लुओ जी जागा होतो तेव्हा जग सुखी आहे आणि आपण जिंकणारच अशी सर्वांची खात्री आहे. भीतीने एका पिढीला संपवलं, आता खात्री दुसरीला संपवणार आहे. शत्रूचं एक छोटं यान पुढे येतं. थेंबाच्या आकाराचं, आरशासारखं गुळगुळीत, साडेतीन मीटर लांबीचं. इतकी सुंदर वस्तू शस्त्र असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. ही शांततेची भेट आहे, असं मानून सगळं आरमार रांगा लावून स्वागताला उभं राहतं. डिंग यी हा वृद्ध भौतिकशास्त्रज्ञ जवळ जाऊन पाहतो. कितीही पटीने मोठं करून पाहिलं तरी त्या पृष्ठभागावर ओरखडा दिसत नाही. ते अणूंच्या नेहमीच्या रचनेचं द्रव्यच नाही, हे त्याला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. तो थेंब शिस्तीत उभ्या नौकांच्या रांगांतून सरळ आरपार जातो. शस्त्र एकच, तेही नुसतं धडकणारं. जवळजवळ सगळं आरमार नष्ट होतं. गेल्या काही दशकांतल्या विज्ञानकथेत या प्रकरणाच्या तोडीचं मी थोडंच वाचलं आहे.

पण मला या पुस्तकातला सर्वांत मोठा माणूस वाटतो तो जांग बैहाय. नौदलातला राजकीय अधिकारी. मानवजात हरणार, हे त्याने पहिल्याच दिवशी मनाशी ठरवलेलं आहे. मात्र बाहेर तो विजयावर अढळ श्रद्धा असलेला अधिकारी म्हणून वावरतो. कुणी नेमलं नसताना तोच खरा वॉलफेसर आहे. अंतराळप्रवासासाठी जुन्या पद्धतीचीच इंजिनं हवीत, असा आग्रह धरणाऱ्या ज्येष्ठ शास्त्रज्ञांना तो ठार करतो. तेही उल्केच्या दगडापासून बनवलेल्या गोळ्यांनी, म्हणजे मृत्यू अपघाती वाटावा. मग तो स्वतःला गोठवून घेतो, दोन शतकांनी उठतो आणि एक युद्धनौका पळवून नेतो, का तर मानवजातीचं बी कुठेतरी उरावं. हा माणूस खुनी आहे आणि त्यागीही आहे. वाचकाने त्याला काय म्हणायचं, हे लेखक ठरवत नाही. दोनशे वर्षं एकच विचार मनात धरून, तो डोळ्यांतही दिसू न देता जगणं म्हणजे काय, हे ल्यू त्सिशिन यांनी फार थोड्या शब्दांत दाखवलं आहे.

वाचलेल्या नौका अंधारात एकत्र येतात, नवी मानवी वस्ती होण्याचं ठरवतात, आणि मग हिशेब लागतो : इंधन आणि सुटे भाग सगळ्यांना पुरणार नाहीत. कुणी बोलत नाही. पण दुसराही हाच विचार करतो आहे, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. आणि कालपर्यंतचे सहकारी एकमेकांवर अस्त्रं सोडतात. जांग बैहायचा हात शेवटच्या क्षणी किंचित रेंगाळतो आणि तो मरतो. पुस्तकाचा सगळा सिद्धान्त या एका प्रसंगात येऊन गेलेला असतो. शब्दांत तो नंतर मांडला जातो.

तो सिद्धान्त असा. पुस्तकाच्या अगदी आरंभी, एका थडग्यापाशी, म्हातारी ये वेन्चिए लुओ जीला दोन गृहीतकं सांगते. जगणं ही प्रत्येक संस्कृतीची पहिली गरज आहे. संस्कृती वाढत राहते, पण विश्वातलं द्रव्य तेवढंच राहतं. यात दोन गोष्टी मिळवा : इतक्या अंतरावरून दुसऱ्याच्या हेतूची खात्री कधीच पटत नाही, आणि आज दुबळा असलेला उद्या अचानक बलाढ्य होऊ शकतो. मग निष्कर्ष अटळ होतो. विश्व हे काळोखं जंगल आहे, प्रत्येक संस्कृती त्यात हत्यार घेऊन दबकत चालणारा शिकारी आहे, आणि ज्याचा ठावठिकाणा कळेल त्याला आधी मारणं हाच शहाणपणा. १९५० मध्ये एन्रिको फर्मी यांनी लॉस अलामॉसला जेवणाच्या टेबलावर विचारलेल्या प्रश्नाचं, म्हणजे इतकं मोठं विश्व असूनही बाकीचे सगळे आहेत कुठे, याचं हे उत्तर आहे. लुओ जी सुमारे पन्नास प्रकाशवर्षांवरच्या एका ताऱ्याचं स्थान जाहीर करून हे पडताळून पाहतो. तो तारा नष्ट होतो. मग शत्रूच्या ग्रहाचं स्थान सगळ्या विश्वाला कळवण्याची धमकी तो देतो. ती यंत्रणा त्याने आपल्या जिवाशी जोडली आहे. तो मेला तर संदेश सुटणार. हाताने खणलेल्या आपल्याच थडग्याच्या खड्ड्यापाशी उभा राहून तो चारशे वर्षांचं आक्रमण थांबवतो. ज्या माणसाला काहीच नको होतं, त्याच्यावर सगळ्यांचा भार येतो आणि तो पेलतो.

हे उत्तर खरं आहे का? मला पटत नाही. पृथ्वीच्या हवेत गेली दोन अब्जांहून अधिक वर्षं प्राणवायू आहे. दुरून वर्णपटाचा अभ्यास करणाऱ्या कुणालाही तो जीवसृष्टीची खूण म्हणून दिसला असता. जंगलात शिकारी असतेच, तर आपण बोलायला शिकण्याच्या कितीतरी आधी मेलो असतो. शिवाय सहकार्याचं जे बळ पृथ्वीवरच्या उत्क्रांतीत पदोपदी दिसतं, त्याला या गणितात जागाच नाही. पण ही भीती निराधार म्हणून उडवून लावण्याजोगीही नाही. १९७४ मध्ये आरेसिबोच्या दुर्बिणीतून एम-१३ या तारकागुच्छाकडे संदेश पाठवला गेला, तेव्हा ब्रिटनचे राजखगोलशास्त्रज्ञ मार्टिन राइल यांनी आक्षेप घेतला होता. स्टीफन हॉकिंग यांनीही पुढे तसाच इशारा दिला. आपल्या नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातल्या रेडिओ लहरी टिपतात. त्या ऐकतात, हाका मारत नाहीत. हे पुस्तक वाचल्यावर या दोन कामांतलं अंतर फार मोठं वाटायला लागतं.

‘द डार्क फॉरेस्ट’च्या आधी अर्धशतक आयझॅक असिमॉव्ह यांनी दुसऱ्या भागाचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला होता, त्याचा उल्लेख केल्याशिवाय हे व्याख्यान पुरं होणार नाही. ‘फाउंडेशन’मध्ये हॅरी सेल्डन गणिताने इतिहासाचं भाकीत करतो आणि तीस हजार वर्षांचं अराजक एक हजारावर आणण्याची योजना आखतो. पहिल्या पुस्तकात प्रत्येक संकट योजनेबरहुकूम सुटतं. संपादक जॉन कॅम्पबेल यांनी आग्रह धरला की ही योजना मोडा. असिमॉव्ह नाखूश होते, पण त्यांनी ऐकलं. १९५२ च्या ‘फाउंडेशन अँड एम्पायर’मध्ये म्यूल नावाचा, इतरांच्या भावना वळवू शकणारा माणूस येतो आणि गणित कोलमडतं. सेल्डनची ध्वनिचित्रित प्रतिमा ठरल्या वेळी प्रकट होते आणि भलत्याच संकटाबद्दल बोलू लागते. ज्या क्षणी आधार हवा, त्याच क्षणी द्रष्टा चुकतो. माझ्या मते संपूर्ण ‘फाउंडेशन’ मालिकेत याहून थरारक पान नाही, आणि ते मधल्या पुस्तकात आहे. पुढे एन. के. जेमिसिन यांच्या त्रयीचे तिन्ही भाग २०१६ पासून सलग तीन वर्षं ह्यूगोचे मानकरी ठरले. २०१७ साली ‘द ओबेलिस्क गेट’ला, म्हणजे दुसऱ्या भागाला, तो मिळाला. दुसरा भाग दुबळाच असतो, हा समज टिकणारा नाही.

असिमॉव्ह यांनी पहिल्या भागाची योजना मोडली. ल्यू त्सिशिन यांनी वाट पाहण्यालाच रूप दिलं. पहिलं धाडस मोठं आहे, पण दुसरं अधिक अवघड आहे. हवामानबदलासारख्या संकटांच्या काळात आपणही अशाच मधल्या पिढीत आहोत. काय येणार ते आपल्याला ठाऊक आहे, ते पुरतं आलेलं नाही. भीतीपायी आजचं सगळं विकून टाकायचं का, की खात्रीच्या भरात रांगा लावून उभं राहायचं? ही कादंबरी दोन्ही वाटांचे परिणाम दाखवते, आणि तिसऱ्या वाटेवर एका सामान्य प्राध्यापकाला उभं करते.

शेवटी दोन विनंत्या करतो. ग्रंथालयांच्या कार्यकारिणींना विनंती अशी की त्रयी घ्याल तेव्हा तिन्ही भाग घ्या. पुरस्कार मिळालेला एकच भाग घेऊन थांबू नका. आणि इथे बसलेल्या तरुण लेखकांना विनंती अशी : आपली विज्ञानकथा मासिकं आणि दिवाळी अंकांच्या आधाराने वाढली, लघुकथेत तिने उत्तम काम केलं. आता मोठा पल्ला घ्या, कित्येक पिढ्यांचा काळ पेलणारी कथा लिहा, आणि तिचा मधला भाग टाळू नका. वाचकांनी ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’पासून सुरुवात करावी, ‘द डार्क फॉरेस्ट’ सावकाश वाचावं, आणि तिसऱ्या भागाला हात लावण्याआधी काही दिवस जाऊ द्यावेत.